अर्धी चिठ्ठी : आमच्या तालुक्यातल्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

माननीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोर, गेली एकोणीस वर्षं माझं मेडिकल आहे. तुमच्या चिठ्ठ्या रोज माझ्या हातात येतात. कोणाचा 'बीडी' (दिवसातून दोनदा) कसा दिसतो आणि कोणाचा 'टीडीएस' (तीनदा) कसा, हे मी शिक्का न बघता सांगू शकते. कोविडच्या दोन वर्षांत तुम्ही काय केलंत तेही मी याच काउंटरमागून पाहिलं आहे आणि ते विसरलेले नाही. या पत्रात थोडी तक्रार आहे, पण मुख्यतः मागणं आहे. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन, ही अफूच्या घराण्यातली वेदनाशामकं, लिहाल तेव्हा चिठ्ठी पूर्ण लिहा.

फोनवर हे सांगून बघितलं. तुमच्या ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, बोलणं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. शिवाय पेशंटच्या घरच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते, दुकानात कोणी नव्हतं. पन्नाशीची एक बाई पायरीवर चपला काढून आत आली. पिशवीतून तिने ट्रॅमाडॉलची स्ट्रिप काढून काचेवर ठेवली. वीस गोळ्या नेल्या होत्या, आठ उरल्या होत्या. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर, मिरजेला रेडिएशनचा शेक देऊन झालेला, आता घरीच.

"ताई, ह्या परत घ्या," ती म्हणाली. "आन् पोट मोकळं व्हायचं कायतरी द्या. सा दिस झालं, परसाकडं झाली न्हाई त्यास्नी. पोट दगडावानी झालंय."

मी विचारलं, गोळीने दुखायचं थांबलं होतं का?

"थांबलं की. लई दिसांनी झोपलं. पर आता म्हणत्यात, दुखलं तर दुखू दे, ही गोळी नगं."

चिठ्ठी तिच्या पिशवीतच होती. ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. त्याखाली कोरी जागा आणि सही. एच-वन रजिस्टर, म्हणजे अशा औषधांच्या विक्रीची नोंदवही, काढून बघितलं, तर नोंद माझ्याच अक्षरात. पोट साफ ठेवायचं औषध तुमच्यापैकी एकाने लिहिलं नव्हतं, आणि ते का नाही हे मी विचारलं नव्हतं. गोळ्या मोजल्या, पैसे घेतले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या संध्याकाळी त्या माणसाला दवाखान्यात नेऊन एनिमा द्यावा लागला. त्यानंतर कित्येक दिवस त्याने कोणतीच वेदनाशामक गोळी तोंडात घेतली नाही, इतका धसका घेतला होता. त्यापेक्षा कॅन्सरचं दुखणं त्याला बरं वाटलं. हे मला फार लागलं. त्यानंतर मी जुनी बिलं चाळली. ट्रॅमाडॉलसोबत रेचक गेलं आहे अशी बिलं हाताच्या बोटांवर मोजता आली.

तुम्हाला हे ठाऊक आहे, पण घरच्यांसाठी सांगते. डायक्लोफिनॅकसारखी गोळी दुखऱ्या जागची सूज उतरवते. ट्रॅमाडॉल-कोडीन सुजेला हातसुद्धा लावत नाहीत. त्यांचं काम मज्जारज्जूत आणि मेंदूत चालतं, जिथून दुखण्याची वर्दी वर जाते. तिथल्या पेशींवर 'म्यू' नावाचे रिसेप्टर असतात. आपलं शरीर स्वतः तयार करतं ती एंडॉर्फिन्स त्यांच्यावर बसतात, आणि अफूच्या घराण्यातली औषधंही तिथेच बसतात. मग वर्दी मंदावते. दुखणं असतं, पण ते लांबून ऐकू आल्यासारखं होतं. पेशंट मला नेमकं हेच सांगतात, "दुखतंय, पण माझं दुखत नाही."

हेच म्यू रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतही भरपूर आहेत. तिथे औषध बसलं की आतड्याची पुढे ढकलायची हालचाल सुस्तावते, मळ आत रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा धरतो. पहिल्या दिवसांतली मळमळ आणि गुंगी आठवडाभरात ओसरते, शरीर त्यांची सवय करून घेतं. आतडं मात्र सवय करून घेत नाही. गोळी जितके दिवस चालेल तितके दिवस बद्धकोष्ठ राहणारच. म्हणून रेचक गोळीच्या पहिल्या डोसासोबत सुरू व्हायला हवं, सहाव्या दिवशी नव्हे. आतड्याला हलवणारं हवं, म्हणजे बिसाकोडिल किंवा सेन्ना, आपली सोनामुखी. घरोघरी इसबगोलावर भरवसा असतो, पण ज्याला घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं त्याला इसबगोल दिलं तर आतड्यात त्याचाच बोळा बसतो. चार आण्यांची गोष्ट म्हणावी इतकं ते रेचक स्वस्त आहे. ते न लिहिल्यामुळे महागाची, मोठ्या मुश्किलीने मिळालेली वेदनामुक्ती वाया जाते.

आता 'कमजोर' या शब्दाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. खालच्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या, मधल्या पायरीवर कोडीनसारखी कमजोर ओपिऑइड, म्हणजे अफूच्या घराण्यातली औषधं, वरच्या पायरीवर मॉर्फिन. शिडी शिकवायला सोपी होती, जगभर रुजली, आणि तिच्याबरोबर हा शब्दही रुजला. त्याने दोन्ही बाजूंनी नुकसान केलं आहे. कमजोर म्हणून काही जण ट्रॅमाडॉल पॅरासिटामॉलसारखं सहज लिहितात. आणि कमजोर नसलेलं ते मॉर्फिन, म्हणून त्याचं नाव काढलं की तेच डॉक्टर दचकतात.

हिशेब करून बघा. तोंडाने घेतलेलं ट्रॅमाडॉल मॉर्फिनच्या साधारण एक दशांश ताकदीचं धरतात, काही तक्ते त्याहून जास्त धरतात. ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम, म्हणजे झालं किमान ४० मिलिग्रॅम मॉर्फिन. आणि मॉर्फिन सुरू करताना नेहमीचा डोस काय असतो? पाच मिलिग्रॅम दर चार तासांनी, दिवसाला ३०. जो पेशंट ट्रॅमाडॉलच्या मर्यादेपर्यंत पोचला आहे तो मॉर्फिनच्या दारातून कधीच आत गेलेला आहे, फक्त पाटी वेगळी आहे. ही औषधं वेगळ्या दर्जाची नव्हेत. फरक आहे तो मर्यादेचा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन ठरावीक डोसापुढे नेलं तर आराम वाढत नाही, त्रास वाढतो. ४०० च्या पुढे गेल्यावर फिट येण्याची भीती. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला तर ३०० च्या आतच थांबायचं. आणि वजन चाळीस किलो राहिलेल्या म्हाताऱ्या पेशंटला पहिल्याच दिवशी शंभराची गोळी दोनदा लिहू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. दुसऱ्या दिवशी घरचे "आजी बोलेना झाल्यात" म्हणत माझ्या दारात उभे राहतात.

कोडीनची तऱ्हा निराळी. १८३२ मध्ये रोबिके या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते अफूतून वेगळं काढलं. ते स्वतः म्यू रिसेप्टरवर जेमतेम बसतं. यकृतातलं सीवायपी-२डी-६ नावाचं एन्झाइम त्यातल्या साधारण दहा टक्क्यांचं मॉर्फिन करतं आणि दुखणं मुख्यतः त्याने कमी होतं. हे एन्झाइम आई-बापांकडून येतं आणि सगळ्यांकडे सारखं नसतं. काहींच्यात ते जवळजवळ काम करत नाही. अशा पेशंटने "डॉक्टर, फरक नाही" म्हटलं तर तो नाटक करत नाही, त्याच्या अंगात औषध तयारच झालेलं नाही. काहींच्यात ते इतकं तेज असतं की नेहमीच्या डोसातून नको तितकं मॉर्फिन तयार होतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेल्या लहान मुलांचे श्वास मंदावून मृत्यू झाले, आणि म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलही देऊ नये, असं सांगितलं. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही दोन्ही टाळायला सांगितलं. खोकल्याच्या सिरपवर कोडीन लिहिलेलं असतं आणि घरात सहा वर्षांचं पोर खोकत असतं. मी विचारते, बाटली कोणासाठी? तुम्हीही विचारा.

ट्रॅमाडॉल जर्मनीत १९७७ मध्ये बाजारात आलं. त्याचं काम दोन वाटांनी चालतं. एक वाट म्यूची, तीही याच एन्झाइमने तयार केलेल्या पदार्थाच्या जोरावर. दुसरी वाट मेंदूतली रसायनं वाढवण्याची, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनची, म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्यांची. इथेच मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या फक्त माझ्या काउंटरवर एकत्र येतात. सांगलीच्या मानसोपचार तज्ज्ञांनी फ्लुऑक्सेटिन सुरू केलेलं असतं, गावात कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल मिळतं. फ्लुऑक्सेटिन ते एन्झाइम अडवतं, म्हणजे आराम कमी. आणि सेरोटोनिन दोन्हीकडून वाढतं, म्हणजे घाम, थरथर, घाबरं होणं, फिटसुद्धा. पेशंट डोक्याच्या गोळ्या चालू असल्याचं आपणहून सांगत नाही. लाज वाटते. मी दुकान रिकामं झाल्यावर, आवाज खाली आणून विचारते, तेव्हा सांगतात. तुम्ही दार लोटून विचारलंत तर तुम्हालाही सांगतील. झोपेची गोळी आणि दारू हेही त्याच वेळी विचारा. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणि ओपिऑइड मिळून श्वास दाबतात.

एक बारकी गोष्ट, पण तोंडाच्या कॅन्सरच्या आपल्या भागात ती बारकी नाही. ज्यांना नाकातून नळी घातलेली आहे त्यांना 'एसआर' गोळी लिहू नका. ती बारा तास हळूहळू सुटायला बनवलेली असते. घरचे ती खलबत्त्यात कुटतात, पाण्यात कालवतात आणि सिरिंजने नळीत सोडतात. मी एका मुलीला हे करताना प्रत्यक्ष पाहिलं, बापाच्या उशाशी बसून, फार काळजीने करत होती. बारा तासांचं औषध एकदम पोटात जात होतं.

तसंच पॅरासिटामॉल. ट्रॅमाडॉलच्या पुष्कळशा गोळ्यांत ते ३२५ मिलिग्रॅम मिसळलेलं असतं. पेशंट वरून अंगदुखीची साडेसहाशेची गोळी दिवसातून चारदा घेत असतो आणि दोन्हींत एकच औषध आहे हे त्याला माहीत नसतं. बेरीज चार ग्रॅमच्या पुढे गेली की यकृत धोक्यात, दारू पिणाऱ्याचं त्याआधीच. चिठ्ठीवर "सोबत दुसरी तापाची गोळी नको" एवढं मराठीत लिहिलंत तरी पुरे.

आणि 'एसओएस', म्हणजे लागेल तेव्हाच घ्यायची गोळी. पडून हाड मोडलं, दात काढला, तर लागेल तशी गोळी ठीक आहे, तीनचार दिवसांत काम संपतं. कॅन्सरचं दुखणं मात्र बहुधा सतत असतं, म्हणून औषध घड्याळाप्रमाणे हवं. त्या शिडीसोबत हेही सांगितलेलं होतं. पेशंट 'एसओएस'चा अर्थ 'अगदी सहन होईना झालं की' असा घेतो. आपली माणसं सोसण्यात मोठेपणा मानतात. ती रात्री दोनपर्यंत थांबतात, आणि मग एका गोळीला ते दुखणं आवरत नाही.

कंबर-गुडघ्याच्या जुन्या दुखण्याचं मला उलटं सांगायचं आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांतली माणसं, मोळ्या डोक्यावर वाहून पाठ गेलेली, महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉलवर राहतात. चिठ्ठी एकदाची असते, तीच घेऊन येतात. त्यांचं दुखणं खरं आहे. पण अशा दुखण्यात ही गोळी फार काळ टिकून उपयोगी पडत नाही, डोस मात्र वाढत जातो. त्यांच्या चिठ्ठीवर संपायची तारीख हवी. आणि काही आठवडे रोज घेतलेली गोळी एकदम तोडू नये, हळूहळू उतरवायची, हेही लिहा. एकदम तोडली की नाक गळतं, जुलाब होतात, अंग मोडून येतं, झोप जाते. घरचे म्हणतात, व्यसन लागलं. शरीराला झालेली सवय आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. माझ्या तोंडून पटत नाही.

याच दुखण्यात ज्यांची किडनी किंवा हृदय नाजूक आहे अशा म्हाताऱ्यांसाठी मात्र थोड्या दिवसांची, बेताच्या डोसाची ट्रॅमाडॉल ही रोजच्या डायक्लोफिनॅकपेक्षा खरोखर बरी ठरू शकते. किडनी जास्तच थकलेली असेल तर डोस कमी, दोन डोसांतलं अंतर जास्त, आणि कोडीन नकोच. हे सगळं सांगण्याचं कारण असं की ही औषधं मला हवी आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही.

भीतीचंही बोलायला हवं, कारण ती आमच्या बाजूलाही आहे. २६ एप्रिल २०१८ ला केंद्र सरकारने ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आणलं. कारण खरं होतं. गोळ्या नशेसाठी विकल्या जात होत्या, इथेही आणि समुद्रापलीकडेही. २०२५ च्या फेब्रुवारीत टॅपेन्टाडॉल (एक ओपिऑइड) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र असलेल्या गोळ्या आपल्या देशातून पश्चिम आफ्रिकेत जातात हे बाहेर आलं आणि सरकारने त्यांची परवानगी काढून घेतली. ज्यांनी तो धंदा केला त्यांनी इथल्या प्रत्येक कॅन्सर पेशंटचं नुकसान केलं. कारण २०१८ नंतर आमच्यातल्या कित्येक दुकानदारांनी, कटकट नको म्हणून, ट्रॅमाडॉल ठेवणंच बंद केलं. मी ठेवते. रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि संख्या लिहायची, ते तीन वर्षं जपायचं. एवढंच काम आहे आणि ते मला जड वाटत नाही.

रात्री नऊच्या सुमारास कधीकधी दोन-तीन पोरं मोटारसायकल चालू ठेवून येतात. "मॅडम, एक स्ट्रिप द्या ना, आज्जीला पाहिजे." चिठ्ठी नसते, किंवा मोबाइलमधला जुना, अर्धा कापलेला फोटो असतो. मी देत नाही. पण त्याच आठवड्यात एखादा खरा नातेवाईकही तसाच मोबाइलमधला फोटो घेऊन येतो, त्यावर ना तारीख, ना किती दिवस, ना पेशंटचं नाव. त्यालाही मी परत पाठवलं आहे. एकदा पाठवलेल्या माणसाचे वडील त्या रात्री किती तळमळले असतील याचा विचार करत मी शटर ओढलं होतं. तुमची पूर्ण चिठ्ठी हाच या दोघांतला फरक ओळखायचा माझ्याकडचा एकमेव मार्ग आहे.

शेवटी मॉर्फिन. माझ्या दुकानात ते नाही. पण २०१४ च्या दुरुस्तीने एनडीपीएस कायद्यातल्या पूर्वीच्या चार-चार परवान्यांची भानगड संपली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घेतलेली वैद्यकीय संस्था ते ठेवू शकते आणि देऊ शकते. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम तीव्रतेच्या कॅन्सरच्या दुखण्यावर कमी डोसाचं मॉर्फिन थेट दिलं, तर कमजोर ओपिऑइडपेक्षा जास्त पेशंटना आणि लवकर आराम मिळाला. म्हणजे मधल्या पायरीवर थांबलंच पाहिजे असंही आता राहिलेलं नाही. माझ्या रजिस्टरमध्ये अशी नावं आहेत जी महिन्यामागून महिने ट्रॅमाडॉलच्या कमाल डोसावर होती, आणि मग एक दिवस नोंद थांबली. त्यांना वरची पायरी कोणी दाखवलीच नाही. त्यांच्यासाठी तुम्ही मिरजेला, कोल्हापूरला एक फोन केला असता, पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव घेतलं असतं, तर त्यांचे शेवटचे आठवडे वेगळे गेले असते. आपल्या तालुक्यात एवढी हॉस्पिटलं आहेत. त्यांतल्या एकाने ही मान्यता घेतली तर पेशंटला ते हेलपाटेही पडणार नाहीत. कागदपत्रं जमवायला मी मदत करीन. दुकान सांभाळून, रविवारी.

तोपर्यंत ट्रॅमाडॉलच्या ओळीखाली रेचकाची ओळ लिहा. किती दिवस ते लिहा. आणि तुमचा मोबाइल नंबर हाताने लिहा, शिक्क्यातला आकडा नेहमी पुसट उमटतो. शंका आली तर मी फोन करीन, गर्दीच्या वेळी केला तरी कृपा करून उचला.

ती बाई नंतर एकदा आली होती. नवरा गेल्यानंतर, दहाव्याचं सामान घ्यायला बाजारात आली होती तेव्हा. उरलेल्या आठ गोळ्या तिने अजून जपून ठेवल्या होत्या. "दुसऱ्या कुणाला उपेगी पडतील," म्हणाली. मी त्या घेतल्या, तिच्यासमोर एकेक फोडून नष्ट केल्या आणि तिला पाणी दिलं.

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट